चंद्राबाईंचा रविवार

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"

मी सांगितलं, "झालाच पाहिजे."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर तरुण होते, त्यांनाही हसू आलं. मग त्यांनी माझा उजवा हात वर उचलला आणि सोडून दिला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

माझं नाव मला माहीत होतं. नवऱ्याचं, गावाचं, माझ्या खाणावळीत जेवणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव डोक्यात जागच्या जागी होतं. पण तोंड उघडलं की दुसरं काही बाहेर येतच नव्हतं. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमच्या लालबागमध्ये ही आरोळी उठता-बसता कानावर यायची. पोरं विटीदांडू खेळतानासुद्धा तीच देत. मीही मोर्चात ओरडून घसा बसवून घेतला होता. अंगावरून वारं गेलं, सगळी भाषा वाहून गेली आणि तेवढे दोन शब्द तळाशी राहिले.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. हे डाव्या हाताने लिहिते आहे, त्यामुळे अक्षर वाकडं येतं. ज्यांच्या घरात कोणी असं आडवं पडलं आहे आणि सेवेला बाई ठेवली आहे, त्यांनी वाचावं म्हणून लिहिते.

*

इस्पितळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटे पुसून काढायचे, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर छताकडे बघणं. माझी जीभ पूर्वी विळीसारखी चालायची. ती गेल्यावर लोक माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलू लागले, जसं लहान मुलासमोर बोलतात. "हिला कळतं का हो?" "कळत असेल थोडंफार." मला सगळं कळत होतं. भीती त्याचीच होती.

सुख म्हणावं तर एकच. शेजारची ती हसणारी बाई रोज माझा डोळा खाजवून द्यायची. उजव्या डोळ्याला खाज सुटली आणि डावा हात सलाइनला बांधलेला असला म्हणजे त्याचं मोल कळतं. ती बाई त्याच वॉर्डात वारली.

घरी सोडताना डॉक्टरांनी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं, "हात-पाय रोज हलवायचे. बोटं उघडायची. उभं करायचं. पडू दिलंत तर त्या पडूनच राहतील."

*

आमची खोली चाळीच्या पहिल्या मजल्यावर. तिथेच माझी खाणावळ. जेवणारे सगळे कोकणातले गिरणीकामगार, पाळीप्रमाणे येत. मला सगळे मामी म्हणत. माझी थोरली नणंद, द्वारका वन्सं, विधवा, माझ्या हाताखाली असायच्या. आता मी खाली आणि त्या वर.

मी घरी आले त्याच दिवशी दीर आले. ते भायखळ्याला राहत. दारातच म्हणाले, "दादा, हिला गावाला पाठव. हवा चांगली. इथे दहा बाय बाराच्या खोलीत कोण करणार हिचं?"

गिरणगावात ही रीतच होती. माणूस आजारी पडलं की गावाला पाठवायचं. काही बरे होऊन येत. बरेचसे येत नसत. माझ्या सासूबाई अशाच पडवीत पडल्या होत्या. त्यांच्या खाटेखाली कोंबड्या बसत. घरची माणसं वाईट नव्हती. सकाळी शेतावर जात, संध्याकाळी येत. मधल्या वेळात सासूबाई आणि कोंबड्या.

मी ओरडले, "झालाच पाहिजे! झालाच पाहिजे!"

दीर म्हणाले, "बघ, तीपण हो म्हणते."

मला वाचवलं ते समुद्राने. पाऊस तोंडावर आला होता आणि कोकणच्या बोटी बंद झाल्या होत्या. हे म्हणाले, "नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटतील तेव्हा बघू. तोवर ती आपल्या पायांनी जिना उतरली तर राहील. नाही उतरली तर ने."

हे फार बोलत नसत. पण बोलले की त्यावर राहत. मला मुदत मिळाली होती.

*

चंद्राबाईंना गोपाळाने आणलं. गोपाळ माझ्याकडे जेवायचा, चंद्राबाईंचा भाऊ त्याच्याच खात्यात होता. चंद्राबाई घोडपदेवच्या. नवरा गोदीत होता, तो वारलेला. एका प्रसूतिगृहात आया म्हणून काम केलेलं. त्यांच्या वस्तीने नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती.

वन्संनी त्यांना दारातच उभं करून विचारलं, "काय काय काम करशील?"

चंद्राबाई चपला काढून सरळ आत आल्या, माझ्या खाटेशी खाली बसल्या आणि माझ्याकडे बघून बोलल्या. इतक्या दिवसांत माझ्याकडे बघून बोलणारं ते पहिलं माणूस.

"बाई, मी तुमचं सगळं करीन. अंग पुसणं, भरवणं, हगणं-मुतणं, हात-पाय चोळणं. दुसरं काम करणार नाही. रविवारी येणार नाही. रविवारी आमच्या वाडीत वंदना असते, पोरांना मी बसवते. आणि मला चंद्राबाई म्हणायचं. ए चंद्रे नाही. पटतं का?"

मी म्हणाले, "झालाच पाहिजे."

चंद्राबाईंनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "हे हो झालं. आता नाही कसं म्हणता ते दाखवा."

मी तेच शब्द दात आवळून म्हटले.

"कळलं," त्या म्हणाल्या. "आपलं जमेल."

वन्सं मागून म्हणाल्या, "रविवारी येणार नाही म्हणजे? आजाऱ्याला रविवार असतो का?"

"आजाऱ्याला नसतो. मला असतो," चंद्राबाई म्हणाल्या.

आमच्या घरी जेवणारे सगळे सुट्टी, पगारवाढ, बोनस यांवर तासन्‌तास भांडणारे. त्यांच्यातलाही एकजण पुटपुटला, "बायकांना कसली सुट्टी?" माझी जीभ जागेवर असती तर त्या दिवशी त्याच्या आमटीत नुसतं पाणी पडलं असतं.

*

पहिला पंधरवडा बरा गेला. चंद्राबाई माझी बोटं एकेक करून उघडत, मी शिव्या देण्याच्या सुरात घोषणा देई. पाय दाबला की पोटरीत कळ यायची. त्या म्हणत, "कळ आली? मग जिवंत आहे पाय. ओरडा."

मग वन्संनी सुरुवात केली. आधी धुण्याच्या पाण्याची एक बादली. "नळ आता जाईल गं, एवढी भरून आण." मग दुसरी. मग भाजी निवडायला तर सांगता येत नव्हतं, कारण त्यांच्या हातचं खाणावळीत चालणार नाही, म्हणून उष्टी ताटं आली. आधी दुपारची, मग रात्रीच्या पाळीचीसुद्धा. चंद्राबाईंना नोकरीची गरज होती, त्या गप्प राहून घासत. घासून येत तेव्हा माझ्या हाताची वेळ गेलेली असे. माझी बोटं पुन्हा आत वळू लागली. जिन्यापर्यंत जायचं तर लांबच, मी अजून खाटेवरूनही उतरले नव्हते, आणि बाहेर पाऊस उतरणीला लागला होता.

आणि तो कप. चंद्राबाईंसाठी वन्संनी कान तुटलेला कप खिडकीत ठेवला होता. चहा वरून ओतायचा. मी काही थोर बाई नाही. पण मला सरळ एवढंच दिसत होतं की या बाईच्या हातचं पाणी रोज माझ्या घशाखाली उतरतं. मग तिचा कप खिडकीत ठेवून कोणाचं काय वाचतं?

मी वन्संना हे सांगायचा प्रयत्न केला. ताटांकडे बोट केलं, खिडकीकडे केलं, घोषणा दिल्या. वन्संनी भांडं आणून माझ्याखाली सरकवलं. त्यांना वाटलं मला लागली.

एका दुपारी वन्सं भायखळ्याच्या बाजारात भाजी आणायला गेल्या. चंद्राबाई हात पुसत माझ्याजवळ बसल्या. माझी मूठ उघडून बघितली. उघडेना.

"बाई, मी उद्यापासून येत नाही," त्या म्हणाल्या. "मला तुमच्यासाठी ठेवलंय की ताटांसाठी, मला कळत नाही. उद्या तुम्ही लुळ्या राहिलात तर लोक म्हणतील, चंद्राबाई होती आणि काही झालं नाही. तसं नाव मला नको. आजचं काम पुरं करते. ताटं घासून ठेवली आहेत, राहिलेली पातेली घासते आणि जाते."

त्या बादली घेऊन नळावर गेल्या.

*

आता खाणावळीची एक रीत सांगते. प्रत्येक माणसाचं स्वतःचं पितळी ताट होतं, त्यावर नाव कोरलेलं. सगळी ताटं भिंतीशी खालच्या फळीवर उताणी ठेवलेली. कोणी गावाला गेला की त्याचं ताट पालथं घालायचं. पालथं ताट म्हणजे या माणसाचं जेवण रांधायचं नाही. ताट पालथं करण्याचा हक्क एकट्या माझा. वन्संचासुद्धा नाही.

मी खाटेवरून खाली पडले. उतरले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण पडले. मग ढुंगणावर सरकत, डाव्या हाताने फरशी ओढत फळीपर्यंत गेले. लुगडं सुटलं, तसंच राहू दिलं. एक ताट पालथं केलं. मग दुसरं. गोपाळाचं, मग एकेक करून सगळ्यांचं. शेवटी यांचंही केलं. मग फळीला पाठ लावून बसले.

चंद्राबाई आल्या, बघितलं. माझं लुगडं नीट केलं आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी पाळी सुटली. माणसं हातपाय धुऊन आली आणि दारातच थबकली. वन्संही तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन आल्या.

"अगो बाई! वहिनीचं डोकं पण गेलं!" त्या किंचाळल्या आणि ताट उलटायला वाकल्या. मी त्यांच्या मनगटावर फटका दिला. डावा हात, पण बसला चांगला.

"झालाच पाहिजे!" मी म्हणाले.

गोपाळ उकिडवा बसला. "मामी, तुमका काय व्हया?"

मी सरकत खिडकीशी गेले. हात पोचेना. चंद्राबाईंकडे बघितलं नाही, हे त्यांचं काम नव्हतं. गोपाळाकडे बघितलं. त्याने कप काढून दिला. मी तो ओटीत घालून सरकत आले आणि माझ्या कपाशेजारी, चुलीजवळच्या फळीवर ठेवला.

मग मी भांडी घासायच्या बादलीला पायाने ढकललं, चंद्राबाईंपासून लांब, पुरुषांच्या बाजूला.

गोपाळाच्या डोक्यात उजेड पडला. तो उठला आणि ओरडला, "मामीन संप केल्यान रे!"

"कसला संप?" मागून कोणीतरी.

"चंद्राबायनी भांडी घासूची नाय. मामीचा हात चोळूचो. कप आत. बरोबर, मामी?"

मी फरशीवर थाप मारली.

"मग ताटां कोणी घासूची?"

मी बोट त्यांच्यावरून फिरवलं. एकेकावरून, सावकाश. शेवटी यांच्यावर आणलं आणि तिथेच ठेवलं.

माझे यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे, प्रत्येक संपात पुढे. त्यांनी बायकोच्या बोटाकडे बघितलं, मग मिशीवरून हात फिरवला. "मागणी रास्त आहे," ते म्हणाले. "मान्य करून टाका. भूक लागली आहे."

दोन माणसं मात्र कपाकडे बघून दारातूनच वळली आणि निघून गेली. त्यांची ताटं मी पालथीच ठेवली. त्यातला एक काही दिवसांनी परत आला. माझ्या पद्धतीची आमटी लालबागमध्ये दुसरीकडे मिळत नव्हती, आणि आत येताना त्याने कपाकडे बघायचं टाळलं. मी म्हटलं चालेल.

वन्सं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही त्यांच्याशी बोलले नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

चंद्राबाई त्या संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "मोर्चे पुष्कळ बघितले, बाई. बसून काढलेला पहिलाच." आणि दुसऱ्या दिवशी आल्या.

*

त्या दिवसापासून प्रत्येकजण आपलं ताट आपण घाशी. माझी बोटं उघडू लागली. पहिला नवा शब्दही ताटामुळेच आला. एकजण जेवून तसाच उठून चालला होता. मी म्हणाले, "मेल्या, ताट!"

सगळी पंगत टाळ्या वाजवू लागली. तो बिचारा ताट घेऊन नळाकडे पळाला. चंद्राबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "देवाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही, मेल्या!"

नंतर शब्द एकेक करून आले. जसे यायचे तसे, माझ्या मर्जीने नव्हे.

रविवार कठीण जात. वन्सं स्वयंपाकात, म्हणून माझं सगळं यांच्यावर. पहिल्या रविवारी भांडं धरताना यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि निम्मं जमिनीवर गेलं. पोलिसांच्या लाठीसमोर उभा राहणारा माणूस लाजून लाल झाला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते शिकले. आमच्या संसारात त्यांनी मला पहिल्यांदा वेणी घातली ती अशाच एका रविवारी. दोरखंडासारखी वळली होती. मी ती सोमवारपर्यंत तशीच ठेवली.

दर रविवारी वन्सं म्हणत, "अर्धा दिवस तरी बोलावू या." हे माझ्याकडे बघत. मी नाही म्हणून मान हलवी. चंद्राबाईंनी पहिल्या दिवशी माझ्या तोंडावर विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. सांगून दिलेली सुट्टी अडीअडचणीला परत मागायची असेल तर ती दिलीच नाही म्हणा.

मी खाटेवरून उतरले, मग भिंत धरून चालले, मग गॅलरीत. जिन्यावर चंद्राबाई माझ्या उजवीकडे राहत. आमच्या जिन्याला एकच कठडा, आणि उतरताना तो उजव्या हाताला येई. माझा उजवा हात कठडा धरू शकत नव्हता. म्हणून चंद्राबाई हाच माझा कठडा.

*

नारळी पौर्णिमा झाली. बोटी सुरू झाल्या. आणि दीर आले ते नेमके रविवारी.

"वहिनी, तयारी करा. उद्या सकाळची बोट आहे. तिकिटं काढली आहेत."

हे म्हणाले, "जिन्याचं ठरलं होतं."

"मग उतरू दे की आत्ता."

वन्सं माझ्याकडे बघून पुढे झाल्या. मागचं सगळं विसरून म्हणाल्या, "थांबा भाऊ, आज तिची बाई नाही. गोपाळा, जा रे घोडपदेवला. चंद्राबाईंना घेऊन ये. सांग, घात झालाय."

वन्संनी त्यांना चंद्राबाई म्हटलं, हे माझ्या तेव्हाही ध्यानात आलं. गोपाळाने सदरा अडकवला.

"नाही," मी म्हणाले.

"वहिनी, वेडी आहेस का? गावाला जाशील!"

"नाही. रविवार."

मला त्यापुढे बोलता येत नव्हतं, नाहीतर सांगितलं असतं. त्या त्यांच्या वाडीत पोरांना घेऊन बसल्या असतील. आणि त्या येऊन मला उतरवणार असतील, तर मी उतरले असं होत नाही.

मी भिंत धरून गॅलरीतून जिन्याच्या तोंडाशी गेले. कठडा उजवीकडे. हात खांद्यापासून लोंबत होता. खाली सगळी चाळ गोळा झाली होती. मी कठड्याकडे बघितलं. मग जिन्याकडे पाठ केली.

पाठ केल्यावर कठडा डावीकडे आला.

डाव्या हाताने तो धरला आणि माडीवरून शिडीने उतरतात तशी उलटी उतरू लागले. आधी दुखरा पाय खाली, मग चांगला. समोर वरच्या पायरीवर हे उभे होते, दोन्ही हात पुढे केलेले, पण शिवले नाहीत. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मधे पाय अडकला. कोणीतरी बाई खाली "आई गं" म्हणाली. मी पाय सोडवला. पुन्हा खाली.

टाच फरशीला लागली तेव्हा कळलं की आणखी पायरी नाही. मी वळले. दीर यांच्या मागोमाग जिना उतरून माझ्यासमोर आले.

गोपाळ ओरडला, "मामींचा मुक्काम मुंबईत..." आणि सगळ्या चाळीने पुढचे दोन शब्द ओरडले, "झालाच पाहिजे!" मीही ओरडले. त्या वेळी मला तेच म्हणायचं होतं.

मग दिरांना म्हणाले, "भाऊजी. बोट. तुम्ही जा."

दीर मान खाली घालून हसले आणि एकटे गेले. परत वर चढायला मला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागला, पण ते बघायला कोणी थांबलं नव्हतं.

*

सोमवारी चंद्राबाई आल्या त्या तापलेल्याच. त्यांना कोपऱ्यावरच कळलं होतं. "पडला असतात तर? कोणाच्या नावावर आलं असतं ते?" मग खाली बसल्या, आपला कप पुढे ओढला, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "पण उलटं? उलटं कसं सुचलं?"

"पाठ केली," मी म्हणाले. त्या दिवशी मला तेवढेच दोन शब्द आले, पण ते पुरले.

त्या माझ्याकडे पुढचा शिमगा होऊन जाईपर्यंत राहिल्या. मग त्यांना इस्पितळात कायमची नोकरी लागली. वन्सं म्हणाल्या, थोडं थांबायला सांग. मी सांगितलं नाही. त्यांचं ताट मी बनवून घेतलं होतं, नाव कोरून. ते त्यांनी नेलं नाही. म्हणाल्या, जेवायला आले तर कशात वाढाल? ते माझ्या फळीवर उताणंच राहिलं.

राज्य झालं त्या दिवशी लालबागमध्ये रोषणाई होती. मी काठी घेऊन चालत बघायला गेले. लोक "झाला, झाला" म्हणत नाचत होते.

हे गेले. वन्सं गेल्या. दीर गावालाच वारले, त्याच पडवीत. चंद्राबाई घोडपदेवला लेकाजवळ आहेत, गुडघे धरले आहेत, रविवारी अजून वंदनेला जातात. त्या वॉर्डातली डोळा खाजवणारी बाई वाचली नाही. मी वाचले.